खेकड्याची मागची गल्ली

आमच्या कॉलेजात विषाच्या कपाटाची किल्ली माझ्याकडं असायची. रसायनशास्त्र शिकवायचं म्हटलं की ते आलंच. एरवी त्या किल्लीला कुणी विचारत नसे. आमची पोरं मोरचुदाच्या पुढं जात नाहीत आणि ते एका अर्थी बरंच आहे. पण दर शनिवारी चहाच्या सुट्टीत प्राणिशास्त्राच्या पाथरकर मॅडम दारात उभ्या राहायच्या आणि शेजारीण विरजण मागायला येते त्या सुरात म्हणायच्या, "कदम सर, चिमूटभर सायनाइड मिळेल का?"

मी तेव्हा नवीन होतो. फुलंब्रीकडच्या खेड्यातून आलेला, सीनियर लोकांशी बोलायच्या आधी घसा साफ करणारा माणूस. विचारलं, कशाला पाहिजे? म्हणाल्या, खेकड्याला. मी म्हटलं, मॅडम, खेकड्याला चप्पल पुरते. त्यावर त्यांनी माझ्याकडं नापास झालेल्या पोराकडं पाहावं तसं पाहिलं, स्टूल ओढलं आणि बसल्या. खेकडा मारण्यात त्यांना काडीचा रस नव्हता. विष दिल्यावरसुद्धा खेकड्याचे कल्ले ऑक्सिजन घेतात का, हे त्यांना बघायचं होतं.

मग पुढचा अर्धा तास त्यांनी मला आमच्या शहरातला क्रांती चौक शिकवला. आपण जे खातो ते पेशीपेशीत जळतं आणि त्याला ऑक्सिजन लागतो, एवढं मला ठाऊक होतं. मॅडमचं म्हणणं असं, की या सगळ्या रहदारीचा शेवटचा चौक एकच असतो आणि ऑक्सिजन तिथं उभा असतो. सायनाइड म्हणजे त्या चौकात ठिय्या मारून बसलेला मोर्चा. चौक बंद, शहर बंद, माणूस खलास. पण काही जीवांनी मागून एक गल्ली काढून ठेवलेली असते. चौक तुंबला की त्यांची रहदारी उस्मानपुऱ्याच्या गल्लीबोळांतून वळते. पेट्रोल जास्त जळतं, इंजिन तापतं, पदरात कमी पडतं, पण रिक्षा पोचते. त्या गल्लीत जे एन्झाइम काम करतं त्याचं भारदस्त नाव पर्यायी ऑक्सिडेज. झाडांत असतं, बुरशीत असतं, काही शिंपल्यांत असतं, खेकड्याच्या लांबच्या भाऊबंदांपैकी काहींत असतं. "तुमच्यात नाही, माझ्यात नाही, प्राचार्यांत तर नाहीच," असं म्हणून त्या उठल्या. आपल्याकडच्या नदीतल्या खेकड्यात ते आहे की नाही, हा त्यांचा प्रश्न होता. तो त्यांना लग्नाआधी पडला होता, आणि मी त्यांना भेटलो तेव्हा त्यांची मुलगी बारावीला होती.

विष मीच मोजणार, मीच पाण्यात कालवून देणार आणि उरलेलं मीच निकामी करणार, या अटीवर आमचा व्यवहार सुरू झाला. मॅडमनी कधी कुरकुर केली नाही. कुरकुर मी करायचो, दर शनिवारी, न चुकता.

बुटक्या होत्या मॅडम. अंबाड्यात पेन्सिल खोचलेली असायची, पुष्कळदा दोन, कारण पहिली हरवली असं समजून त्या दुसरी खोचायच्या. पायात पावसाळी बूट, साडी त्यात कोंबलेली. पोरांना अरे-तुरे करायच्या आणि खेकड्यांना अहो-जाहो. टबातला एखादा खेकडा मलूल दिसला की म्हणायच्या, यांना आज बरं नाहीये, यांना राहू दे. त्यांच्या प्रयोगशाळेत पंखा लावायची सक्त मनाई होती. का, तर ऑक्सिजन मोजायच्या यंत्राच्या काट्याला वारा लागतो. आमच्या गावचा मे महिना ज्यानं काढलाय त्याला या वाक्याचा अर्थ कळेल. पोरं घामानं निथळायची आणि मॅडम सांगायच्या, आपण हवा मोजायला आलोय, खायला नाही.

कुणी भेटलं की विचारायच्या, "श्वास चालू आहे ना?" आणि उत्तर मिळेपर्यंत हलायच्या नाहीत. माणसांचीसुद्धा त्यांनी गल्लीवर वाटणी करून टाकली होती. इतिहासाच्या एका सरांची बढती अडली आणि ते महिनाभर सुट्टीवर गेले, तर मॅडम हळहळून म्हणाल्या, त्यांना गल्ली नाही हो. माझ्याविषयी काय मत आहे म्हणून मी एकदा उगाच विचारलं. म्हणाल्या, तुमचं काय, चौक उघडा असला तरी तुम्ही हॉर्न वाजवत उभे. मला राग आला, पण खोटं नव्हतं ते.

खेकडे आणायचं काम त्यांच्या यजमानांकडं होतं. वसंतराव सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले, मुकुंदवाडीला घर, पक्के शाकाहारी. चातुर्मासात कांदाही नाही. असा माणूस दर शुक्रवारी स्कूटरला लोणच्याची बरणी अडकवून मासळीबाजारात जायचा आणि नाकाला रुमाल लावून जिवंत, सगळे पाय शाबूत असलेले आणि शक्यतो शांत स्वभावाचे खेकडे मागायचा. कोळीण त्यांना फार मानायची. रस्सा कसा करायचा, वाटणात तीळ किती घालायचे, सगळं समजावून सांगायची, आणि हे मान डोलावून ऐकून घ्यायचे. एक दिवस तिनं विचारलं, बाई खेकड्याचं करतात तरी काय? वसंतरावांनी खरं सांगितलं, की आमच्या घरात खेकड्याचे फक्त कल्ले घेतात, बाकीचा खेकडा वॉचमनला देतात. आता कल्ले म्हणजे खाणारा माणूस सगळ्यात आधी काढून फेकतो ती वस्तू. कोळणीनं बराच वेळ त्यांच्याकडं पाहिलं आणि शेजारणीला म्हणाली, यांना ज्यानं खायला शिकवलं त्यानं उलटंच शिकवलं गं. हे वसंतराव स्वतः सांगायचे आणि हसून हसून त्यांना ठसका लागायचा. बायकोचा प्रयोग काय आहे ते त्यांना कळत नव्हतं. विचारलं की म्हणायचे, संशोधन आहे, मोठं आहे.

रिक्षाचा किस्सा तर अख्ख्या कॉलेजाला पाठ. मॅडम मुकुंदवाडीहून शेअर रिक्षानं यायच्या. एकदा रिक्षा भरलेली, आणि यांना मुंबईहून कुणा जुन्या मैत्रिणीचा फोन आला. मैत्रीणही याच विषयातली. मॅडमना फोनवर हळू बोलता येत नाही, कारण त्यांच्या मते मुंबई लांब आहे. तर या सांगतायत, परवा दिलं गं सायनाइड, नेहमीएवढंच दिलं, पण पूर्ण थांबायला तयार नाहीत, थोडा श्वास राहतोच. नाही, घरी कुणाला सांगितलेलं नाही. आमच्या ह्यांनाही नाही. शनिवारी पुन्हा देते, कदम सर आणून देतात. रिक्षातली माणसं एकेक करून मध्येच उतरली. क्रांती चौकाच्या अलीकडं रिक्षावाल्यानं गाडी बाजूला घेतली आणि हात जोडून म्हणाला, "मॅडम, आप इधरीच उतर जाव. पैसे नक्को." मॅडमना वाटलं, शिक्षकांचा मान राखणारी माणसं अजून आहेत. त्या त्याला आशीर्वाद देऊन उतरल्या. मला मात्र दुसऱ्या दिवशी प्राचार्यांनी बोलावून घेतलं, कारण उतरलेल्यांपैकी एक जण त्यांच्या बायकोचा भाऊ निघाला. कदम सर कोण आणि ते काय आणून देतात, याचा खुलासा करता करता माझी सकाळ गेली.

फोनवरचं ते बोलणं मात्र महत्त्वाचं होतं. इतकी वर्षं काटा सायनाइड पडताच जागच्या जागी थांबायचा आणि मॅडम पुढच्या शनिवारची तयारी करायच्या. आता निवृत्तीचं वर्ष आलं, आणि काटा थांबेना. रेंगाळत का होईना, खाली सरकायचा. म्हणजे चौक बंद असूनही कुणीतरी ऑक्सिजन घेत होतं. मॅडमनी मग दुसरं औषध घातलं, जे फक्त गल्ली बंद करतं. काटा थांबला. याहून सरळ पुरावा नसतो. त्या माझ्या खोलीत आल्या, स्टुलावर बसल्या आणि पदरानं चष्मा पुसत म्हणाल्या, "मला जायच्या आधी एक तरी खरी गोष्ट सापडावी एवढंच वाटत होतं हो." मला त्या दिवशी लई बरं वाटलं. कुरकुर करायची विसरलो.

त्यातच उन्हाळ्यात पाइपलाइन फुटली. आमच्याकडं नळाला पाणी एरवीही आठवड्यानं येतं, तेव्हा घराघरात ड्रम, कॉलेजात प्रत्येक विभागाबाहेर एक निळा ड्रम. या वेळी पंधरवडा होत आला तरी नळाला टिपूस नाही. गाव शिव्या घालत होतं, टँकरमागं धावत होतं, आणि मॅडमचे खेकडे कधी नव्हे इतका दमदार श्वास घेत होते. आलेख बघून त्या लहान पोरीसारख्या टाळ्या वाजवायच्या. प्राचार्यांना बातमी लागली. गल्ली, चौक यातलं त्यांच्या डोक्यात काही शिरलं नाही, पण बॅनरच्या कामाचं आहे एवढं कळलं. मॅडमच्या निरोप समारंभासाठी भलामोठा फ्लेक्स छापून आला: 'विषावर मात करणाऱ्या खेकड्याच्या संशोधिका, हार्दिक अभिनंदन.' डावीकडं मॅडम, उजवीकडं खेकडा, वर त्यांच्यापेक्षा मोठे प्राचार्य. खेकडा इंटरनेटवरून घेतलेला, लालभडक, समुद्रातला. मॅडम त्यावरूनच आधी चिडल्या. वसंतरावांनी तोवर पैठणच्या सगळ्या नातेवाइकांना आमंत्रणं करून टाकली होती.

आणि समारंभाच्या दोन दिवस आधी नळ आला. ड्रम भरला, कोपऱ्यातला एक टब सोडून खेकड्यांच्या टबांत ताजं पाणी पडलं. मॅडमनी हौसेनं आणखी एक प्रयोग लावला, आणि सायनाइड पडताच काटा थांबला. मेल्यासारखा. दुसरा खेकडा घेतला, तेच. आधी म्हणाल्या, यांचं आज मन लागत नाहीये. मी उरलेलं विष न्यायला गेलो होतो, म्हणून हे डोळ्यांनी पाहिलं. मग त्यांनी त्या कोपऱ्यातल्या टबातलं जुनं, पंधरवड्याचं पाणी घेतलं, नेहमीसारखं जुन्या पातळाच्या फडक्यातून गाळलं आणि यंत्राच्या काचेच्या कुपीत भरलं. नुसतं पाणी. कल्ले नाहीत, काही नाही. काटा खाली सरकायला लागला. सायनाइड घातलं, तरी सरकतोय. दुसरं औषध घातलं, थांबला. सगळं कसं अगदी बरोबर होतं, फक्त खेकडा नव्हता.

थेंबभर पाणी सूक्ष्मदर्शकाखाली धरलं तेव्हा उलगडा झाला. सायक्लॉप्स. पाण्यातला टिंबाएवढा जीव, नारूचा जंत याच्याच पोटातून माणसात यायचा. नारूच्या साथीच्या काळात हे नाव आमच्या मराठवाड्यात पोरासोरांना पाठ होतं, पाणी गाळून प्या म्हणून भिंती रंगवलेल्या असायच्या. नारू गेला, सायक्लॉप्स राहिला. तोही खेकड्याचा लांबचा भाऊबंद. मोठे सायक्लॉप्स फडक्यात अडकत होते, पण त्यांची पिल्लं इतक्या वर्षांत झिजून विरळ झालेल्या पातळातून सुखानं पलीकडं जात होती. पाणी जितकं शिळं, तितकी पिल्लं जास्त, तितका खेकड्याचा श्वास दमदार. खेकड्याला परकं पाणी सोसत नाही म्हणून मॅडम त्याच्याच टबातलं पाणी वापरायच्या. कल्ल्यांशिवायचा पडताळा मात्र घेतला होता माझ्याकडच्या ऊर्ध्वपातित पाण्यावर, ज्यात कुणी पोहत नाही. बरं, सायक्लॉप्सच्या जातभाईंत ती गल्ली असते हे परदेशातल्या मंडळींनी आधीच शोधून ठेवलेलं. म्हणजे हातात नवीन असं काहीच उरलं नाही.

मॅडम तशाच बुटांसकट प्राचार्यांकडं गेल्या, मीही मागं. प्राचार्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि फार समजुतीनं सांगितलं, की हा निरोप समारंभ आहे, परीक्षा नाही, फ्लेक्स लागलाय, पाहुणे येतायत, दोन शब्द आभाराचे बोला आणि गोड घास खा. बाहेर आल्यावर मीही तेच म्हणालो. म्हटलं, मॅडम, तुम्ही बोलला नाहीत तर कुण्या काळ्या कुत्र्यालासुद्धा कळणार नाही.

"मला कळलंय ना," मॅडम म्हणाल्या. मग म्हणाल्या, "पण ह्यांनी सगळ्यांना सांगून ठेवलंय हो." त्यांचा आवाज असा बसलेला मी कधी ऐकला नव्हता. वसंतरावांना घरी काय सांगितलं, सांगितलं की नाही, मला माहीत नाही.

समारंभाला सभागृह भरलेलं. पहिल्या रांगेत वसंतराव, नवाकोरा सदरा, दोन्ही बाजूंना पैठणकर मंडळी. शाल झाली, श्रीफळ झालं. प्राचार्यांनी भाषणात खेकड्याला पार अमर करून टाकलं. टाळ्या पडल्या, वसंतरावांच्या सगळ्यात मोठ्या. तेवढ्यात चहा फिरायला लागला. मी मनातल्या मनात देवाला विनवत होतो, की या बाईला फक्त आभार मानायची बुद्धी दे.

मॅडम माईकपाशी गेल्या. "प्राचार्यांनी सांगितलं ते खरं नाही," म्हणाल्या. "खेकड्याला गल्ली नाही. मी चुकले. तो श्वास पाण्यातल्या सायक्लॉप्सच्या पिल्लांचा होता, आणि त्यांना गल्ली असते हे लोकांना आधीच माहीत आहे. म्हणजे मी नवीन काही शोधलेलं नाही." आणि वर्गातल्या सवयीनं पुढं विचारलं, "काही प्रश्न?"

निरोपाच्या कार्यक्रमात प्रश्न कोण विचारणार. प्राचार्य छताकडं बघत बसले. पैठणकर एकमेकांकडं बघायला लागले. मला मॅडमकडं बघवेना, खरं सांगायचं तर रडू यायला लागलं. मॅडम मात्र माईक धरून तशाच उभ्या, उत्तर मिळेपर्यंत न हलणाऱ्या.

मग पहिल्या रांगेत वसंतराव उभे राहिले. चेहऱ्यावर रंग नव्हता, पण आवाज साफ होता. "ही पिल्लं कुठल्या पाण्यात होती म्हणालीस?"

"ड्रमातल्या."

"कॉलेजच्या?"

"कुठल्याही. पाणी आठवडाभर साठवलं की होतातच. आपल्या घरीही असतील. बघायला पाहिजे."

सभागृहातले चहाचे कप जिथल्या तिथं थांबले. छताकडं बघणारे प्राचार्य एकदम खाली आले आणि त्यांनी विचारलं, हा चहा कुठल्या ड्रमाचा आहे? मॅडम म्हणाल्या, उकळलाय ना, मेली असतील त्यात. याचा कुणाला दिलासा मिळाला नाही. मग जे प्रश्न सुटले, ते मी त्या सभागृहात त्याआधी ऐकले नाहीत आणि नंतरही नाहीत. केवढी असतात, चावतात का, पोटात जिवंत राहतात का, कापडाच्या किती घड्या घालाव्यात. पैठणच्या एका वयस्कर बाईंनी विचारलं, विषानं मरत नाहीत म्हणता, मग पोटात गेली तर माणसाचं काय? मॅडमनी सांगितलं, काही होत नाही, नारू आता राहिलेला नाही, आणि आजवर तुम्ही पितच आलाय. इतिहासाचे सर शेवटच्या रांगेतून म्हणाले, पण त्यांना ती गल्ली हवी कशाला? झालं. मॅडमनी शाल काढून खुर्चीवर टाकली, अंबाड्यातली पेन्सिल उपसली आणि क्रांती चौकापासून सुरुवात केली. ड्रमाच्या तळाशी पाणी कसं कोंदट होतं, चौक कसा तुंबतो, रहदारी गल्लीतून कशी वळते, सगळं. जेवण तयार असल्याचा निरोप दोनदा आला. मला कडकडून भूक लागली होती. पण एकही माणूस उठला नाही, म्हणून मीही बसून राहिलो.

वसंतराव माझ्याकडं झुकले. डोळे पाण्यानं भरलेले. "कदम साहेब," म्हणाले, "इतकी वर्षं ही काय करते ते मला आज कळलं बघा."

आणि त्यांनी शाळेतल्या पोरासारखा हात वर केला, त्यांना आणखी काहीतरी विचारायचं होतं. मॅडमनी पेन्सिल त्यांच्याकडं रोखली. "तुमचा एक झालाय," म्हणाल्या, "आधी मागच्या रांगेतले."